माटुंग्यात जेवायला किती वाजता जावं?

माटुंग्याला जेवायला जायचा बेत ठरला की घरात हॉटेलांच्या नावांवरून वाद सुरू होतो. मी आधी वेळ ठरवतो. स्टेशनच्या पूर्वेला, चालत पंधरा मिनिटांच्या आत, इतकी उडपी हॉटेलं आहेत आणि त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत, की वेळ पक्की झाली की जागा आपोआप पक्की होते. भल्या पहाटे रामाश्रय, न्याहारीला कॅफे मद्रास, दुपारी रामा नायक. हा क्रम मी अनेक वर्षं पाळत आलो आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा भाग रुंद रस्ते आणि बागा सोडून आखला. रेल्वेत, बँकांत, कंपन्यांत नोकरीला आलेली दक्षिणेकडची कुटुंबं इथे स्थिरावली, आणि एकट्या राहणाऱ्यांसाठी खाणावळी निघाल्या. रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं आणि रामा नायक यांचं ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ चं. आता जेवणाकडे वळू.

कॅफे मद्रासला रविवारी नऊनंतर गेलात तर फुटपाथवर उभं राहण्याची तयारी ठेवा. नाव लिहून घेतात, हाक येते. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, म्हणून चारपेक्षा जास्त माणसं नेऊ नयेत. सात जणांचा घोळका एकत्र बसण्याचा हट्ट धरतो आणि भूक मारून बसतो. इथे नेहमीचा मसाला डोसा मागवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो मुंबईत कुठेही मिळतो. नाचणीचा डोसा घ्या, नीर डोसा घ्या, रसमात बुडालेला वडा घ्या. रामाश्रयला मात्र अननसाचा शिरा सोडू नये.

आणि इडली? इडलीबद्दल लिहायला बसलो की मला ‘मानसोल्लास’ आठवतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहवलेल्या या संस्कृत ग्रंथात इडलीच्या पूर्वजाचं वर्णन आहे, पण ती उडदाची. त्याहून जुना उल्लेख दहाव्या शतकातल्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथातला. तांदूळ घालून, आंबवून, वाफवून केलेली आजची इडली नंतर कधीतरी जमून आली. जे पीठ रात्रीत फुगतं ते उडदावर आणि तांदळावर आधीपासूनच असलेल्या जिवाणूंमुळे. बाहेरून यीस्ट घालावं लागत नाही. मुंबईच्या उबदार हवेत हे काम फार झकास होतं, त्यामुळे उन्हाळ्यात पिठावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

पण माझं खरं प्रेम रामा नायककडे. मध्य रेल्वेच्या स्टेशनला लागून असलेल्या लालबहादूर शास्त्री मार्केटच्या पहिल्या मजल्यावर ही जागा आहे. जिना चढायचा असतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना आधीच सांगावं. कुपन घ्यायचं आणि खुर्चीवर बसून पाळी येईपर्यंत थांबायचं. ताटातलं जेवणही मिळतं, पण केळीच्या पानावरचंच घ्यावं, नाहीतर इथवर येऊन काय मिळवलं? आणि इथलं स्वयंपाकघर गिऱ्हाइकाला बघता येतं. मी ते हौसेने बघून आलो आहे. ज्या हॉटेलला आपलं स्वयंपाकघर दाखवायला संकोच वाटत नाही, तिथल्या अन्नाची मला काळजी वाटत नाही.

पानावर बसल्यावर घाई करू नका. पानाचं निमुळतं टोक डाव्या हाताला यायला हवं. वरच्या अर्ध्यात मीठ, लोणचं, कोशिंबीर, भाज्या. खालच्या अर्ध्यात भात. वाढपी बादल्या घेऊन फिरत राहतात, तेव्हा पहिल्याच फेरीला पान भरून घेऊ नये. भात थोडा मागावा, कारण तो निदान तीनदा लागणार आहे.

इथे रसमाबद्दल सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तमिळ पंगतीत आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी दहीभात. उडुपीकडच्या पंगतीत आधी सारू, म्हणजे रसम, मग नारळ भाजून वाटलेलं हुळी, म्हणजे सांबार. मला दुसरा क्रम पटतो. पातळ, आंबट, मिरीचा झणका असलेलं सार आधी पोटात गेलं की भूक जागी होते. घट्ट सांबार आधी खाल्लं तर ती अर्धी विझते. उडुपीच्या सारूचा मसाला धणे, जिरे, मेथी, हिंग आणि ब्याडगी मिरची खोबरेल तेलावर भाजून करतात. ब्याडगीमुळे रंग गडद येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. त्यात चिंच आणि गुळाचा खडा. पुण्याच्या माझ्या मावशीने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, “अरे, ही तर आपल्या आमटीची बहीण!” तिने तीनदा वाढून घेतलं आणि वाढप्याला चौथ्यांदा बोलावलं ते मसाला विचारायला. घरी रसम करणाऱ्यांना एकच सांगतो: मसाला आणि डाळीचं पाणी घातल्यावर खळखळून उकळू नका. वर फेस चढला की उतरवा, आणि तुपाची फोडणी शेवटी द्या. जास्त उकळलं की मिरीचा वास उडून जातो आणि नुसता आंबटपणा उरतो.

मराठी माणसाला उडपी हॉटेल परकं का वाटत नाही, याचं एक कारण ही चव आहे. दुसरं कारण कामतांसारखी माणसं. व्यंकटेश कामत यांनी १९५२ मध्ये चर्चगेटला ‘सत्कार’ सुरू केलं, आणि त्यांचे चिरंजीव विठ्ठल कामत यांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे पुस्तक तर आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलं.

आता बेत. रविवारी दुपारचा प्रयोग यशवंत नाट्यमंदिरात असेल तर साडेअकराला रामा नायकच्या जिन्याशी असावं. एकनंतर ताटकळावं लागतं. जेवून झेड ब्रिजवरून पश्चिमेला माटुंगा रोड स्टेशनकडे उतरलं की नाट्यमंदिर जवळ. सोमवार मात्र टाळा. त्या दिवशी रामा नायक आणि कॅफे मद्रास दोन्ही बंद असतात.

हाताशी तास-दीड तास असेल तर आधी बाजारात फिरा. फुलांचे गजरे, केळीची पानं, सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा सगळं तिथे मिळतं. कॉफीची पूड घ्यायची तर ‘म्हैसूर कन्सर्न्स’मध्ये डोळ्यांसमोर दळून देतात. चिकोरी किती घालायची ते तुम्ही सांगायचं. मी वीस टक्क्यांवर जात नाही. त्यापुढे रंग दाट होतो, पण कॉफीचा स्वतःचा कडवटपणा झाकला जातो. दुकानदाराला एवढं आवर्जून सांगा, की पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी हवी आहे, म्हणजे तो पूड फार बारीक दळणार नाही.