मळ्यातले व्होल्ट

साठ वॅटचा पिवळा बल्ब घराघरांत होता तोवर व्होल्टेज मोजायला वेगळं यंत्र लागत नव्हतं. संध्याकाळी बल्बातली तार लालसर दिसू लागली की 'डीम लाईट आली' एवढं बोलून लोक मोकळे व्हायचे. तारेचा बल्ब या बाबतीत फार हळवा. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं तर त्याचा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. 2015 साली 'उजाला' योजना आली, नऊ वॅटचे एलईडी स्वस्तात मिळू लागले आणि हा घरगुती मापक गेला. बऱ्या एलईडीच्या बुडात एक छोटं सर्किट असतं. बाहेर 230 व्होल्ट असोत की 170, ते आतल्या दिव्यांना हवा तेवढाच प्रवाह देत राहतं. डोळ्यांना काहीच कळत नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला कळतं, पण ते आपल्यापर्यंत येतं रिपेअरवाल्याच्या बिलातून.

नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत गेलं की मामांचा मळा लागतो. तिथला कॉम्प्रेसर थोड्या काळात दुसऱ्यांदा गेला, तेव्हा मी सॉकेटमध्ये खोचायचा एक डिजिटल मीटर घेऊन गेलो. तळहातावर मावेल एवढा डबा, मागे पिना, पुढे लाल आकडे. किंमत काहीशे रुपये. बटण नाही, सेल नाही. जिथे खोचाल तिथलं व्होल्टेज दाखवतो आणि त्यावरच चालतो. आकडा साधारण सेकंदाला एकदा बदलतो, म्हणून क्षणभराचे झटके त्याला पुरते सापडत नाहीत. सॉकेट ढिलं असेल तर आकडाही ढिलाच. तेव्हा आधी घरातल्या दोन-तीन बोर्डांवर फिरवून, वायरमनच्या मल्टीमीटरशी ताडून, मगच त्याला फ्रिजशेजारी कायमचा बसवला. घरगुती पुरवठा 230 व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे 216 ते 244 या पट्ट्यात असावा, असा नियम आहे. मामींना एवढंच सांगितलं की दोनशे सोळाच्या खाली गेला तर वहीत लिही. वही दुधाच्या हिशेबाची. तिच्या मागच्या पानांवर व्होल्ट चढू लागले.

पहाटे 232. चहाच्या वेळी 229. मग थ्री फेज आली आणि आकडा धाडकन 161 वर. फ्रिज गुरगुरला आणि गप्प झाला. मिनिटाभरात 174, मग 183, आणि पुढचे कित्येक तास 185 ते 190 च्या मध्ये रेंगाळणं. थ्री फेज गेल्यावर परत 230. त्या घरात कोणीही काहीही चालू-बंद केलेलं नव्हतं.

गावात राहणाऱ्याला हे सहसा दिसत नाही. महाराष्ट्रात गावठाणाचा फिडर आणि शेतीचा फिडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केले आहेत. गावठाणात दिवसरात्र वीज, शेतीला पाळीपाळीने दिवसा किंवा रात्री ठरावीक तास थ्री फेज आणि उरलेल्या वेळी नुसता दिव्यांपुरता सिंगल फेज. पण जुन्नर-आंबेगावात निम्मं गाव गावठाणात राहतच नाही, ते मळ्यांत आणि वस्त्यांवर राहतं. त्यांच्या घरातला टीव्ही आणि विहिरीवरची मोटार एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. मामींच्या मिक्सरला किती व्होल्ट मिळणार हे स्वयंपाकघरात ठरत नाही, शिवारात ठरतं.

गणित सोपं आहे. 63 केव्हीएच्या डीपीतून दर फेजला साधारण 84 अँपिअर काढता येतात. पाच एचपीची मोटार नीट चालताना सात-साडेसात अँपिअर घेते. म्हणजे दहा मोटारी आरामात बसल्या. सुरू होताना मात्र हीच मोटार सहापट ओढते. दहाही एकदम सुरू झाल्या तर साडेचारशे अँपिअर. तेवढ्या क्षणी डीपी आणि तारा दोन्ही खचतात आणि टोकाकडच्या मोटारी नुसत्या घुमतात, उचलत नाहीत. चालू मोटारीचंही एक वाईट आहे. व्होल्टेज कमी झालं की ती जास्त प्रवाह ओढते, त्याने व्होल्टेज आणखी पडतं आणि वाइंडिंग तापतं. मोटारीला योग्य कपॅसिटर लावला तर तारेतला फुकटचा प्रवाह कमी होतो आणि सगळ्यांचंच व्होल्टेज थोडं वर येतं. पण ज्याने पैसे घातले त्याला एकट्याला ते दिसत नाही, म्हणून कपॅसिटर कोणी लावत नाही.

दहाही एकदम कशा सुरू होतात? ऑटोमुळे. स्टार्टरच्या पेटीतला ऑटो स्विच, वीज आली की आपोआप मोटार चालू करणारा. वीज कंपनीचे लोक तो काढा म्हणून सांगत असतात, आणि कागदावर त्यांचं बरोबर आहे. पण जुन्नर हा बिबट्यांचा मुलूख आहे. धरणं झाली, ऊस वाढला आणि बिबटे उसातच राहू लागले, वाढू लागले. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. रात्री दोनला थ्री फेज येणार असेल तर उसाच्या कडेने विहिरीवर जाऊन बटण कोण दाबणार? शेतीला दिवसा वीज द्या ही इथली मागणी झोपेपुरती नाही, जिवाशी बांधलेली आहे. तर बिबट्याच्या भीतीने ऑटो, ऑटोमुळे सगळ्या मोटारी एका दमात, आणि त्यामुळे मामींच्या फ्रिजशेजारी 161. मामांना ही साखळी सांगितली तर ते म्हणाले, "मंग फ्रिजचं बिल फॉरेस्टवाल्यांना पाठवू का?"

मामींनी आकडा वाचायला माझ्याआधी शिकून घेतलं. "एकशे पंच्याण्णव हाये, म्हंजे वरच्या वस्तीची मोटार आज बंद." हे त्या चुलीपुढून, मागे न वळता, नुसती मान कलती करून सांगतात. बहुतेक वेळा खरं निघतं. पावसाळा सरताना विहिरी तुडुंब आणि रानं ओली असतात, तेव्हा थ्री फेज असूनही 220 दिसतात. कांद्याला आणि उन्हाळी टोमॅटोला पाणी लागलं की आकडा खचत जातो. कुकडीचं आवर्तन सुटून नदीवरचे बंधारे भरले की काठावरच्या उपशाच्या मोटारी चालू होतात आणि तेही त्या डब्यात उमटतं.

थोडे जास्त पैसे टाकले तर व्होल्टसोबत हर्ट्झ दाखवणारा मीटर मिळतो. शेजारी शेजारी बघायला मजा येते. व्होल्ट धडपडत असतात आणि हर्ट्झ पन्नासच्या आजूबाजूला शांत, 49.98, 50.02. कारण तो आकडा मळ्याचा नाहीच, देशाचा आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर या 765 केव्हीच्या वाहिनीवरून दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. तेव्हापासून खोडदच्या सॉकेटात आणि गुवाहाटीच्या सॉकेटात एकच ठोका पडतो.

मीटरने दोष शोधायचा असेल तर नुसतं बघत बसून भागत नाही, घरातलं काहीतरी जड चालू-बंद करावं लागतं. गिझर लावला आणि आकडा तेवढ्यापुरता दहा-बारा व्होल्टने पडला, तर दोष लांबचा नाही, आपल्या खांबापासून घरापर्यंतच्या वायरीत आहे. मळ्यांत ही वायर बांबूंवरून शंभर शंभर मीटर आणलेली असते. चार चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम वायर, शंभर मीटर जाऊन शंभर मीटर परत आली तर तिचा रोध 1.4 ओहम. दहा अँपिअरला चौदा व्होल्ट वाटेतच गेले. त्यासाठी डीपीला शिव्या देण्यात अर्थ नाही, जाड वायर टाकावी. घरातलं सगळं बंद असतानाही आकडा पडत असेल तर मात्र तो शिवाराचा.

तिसरी तऱ्हा धोक्याची. मोटारी चालू नाहीत, तरी आकडा 260, 280 असा चढतोय, आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्याकडे 150 आहे. म्हणजे डीपीकडचा न्यूट्रल सुटलाय किंवा सुटायला आलाय. अशा वेळी दोन फेजांवरची घरं 400 व्होल्टांमध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्याच्याकडे भार कमी त्याच्याकडे व्होल्टेज जास्त, आणि वस्तीतले टीव्ही एका संध्याकाळी जातात ते असे. मेन स्विच पाडायचा आणि वायरमनला फोन करायचा. स्वतः डीपीच्या पेटीला हात लावायचा नाही, कितीही अनुभव असला तरी.

आकडा एका जागी न थांबता 228, 207, 231 असा नाचत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे आणि तिथे ठिणगी पडतेय. या भागात अशा ठिणग्यांवर आणखी कोणाचं तरी लक्ष असतं. खोडदची जीएमआरटी दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी इथे उभी केली. रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा हे निवडीचं एक कारण होतं. तडकलेला इन्सुलेटर किंवा ढिली तार जी रेडिओ खरखर सोडते ती या तबकड्यांना अवकाशातल्या संकेतांच्या आड येते, म्हणून वीजवाहिन्यांतला हा गोंगाट शोधणं हे तिथल्या शास्त्रज्ञांचं एक कामच आहे. आकाशगंगा ऐकायला बसलेल्या माणसाने खांबावरचा ढिला जंपर पकडावा, हे मला फार आवडतं.

आंबेगावच्या पश्चिमेला चित्र उलटं. घोडेगाव सोडून डिंभे धरणाच्या वरच्या बाजूला, आदिवासी वाड्यांकडे गेलं की मोटारी जवळजवळ नाहीतच. तिथे एका ओळखीच्या मास्तरांच्या खोलीत मीटर लावला तर कायम 235, 238. किंवा मग काहीच नाही. पावसात फांदी पडली की लाईन जाते आणि दरीतून खांब शोधत माणसं येईपर्यंत गेलेलीच राहते. "आमचं व्होल्टेज चांगलंय हो," मास्तर म्हणाले, "लाईट असली म्हणजे."

दुधाच्या वहीतल्या नोंदींना मर्यादा आहेत. रात्री दोनला मामी झोपलेल्या असतात. पुण्याच्याच 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने यावर उपाय काढला होता. त्यांचं यंत्रही सॉकेटमध्येच खोचायचं, पण ते मिनिटामिनिटाचं व्होल्टेज स्वतः नोंदवून मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवायचं. 2014 नंतर देशभर शेकडो ठिकाणी अशी यंत्रं लागली आणि नोंदी सगळ्यांना बघायला खुल्या ठेवल्या गेल्या. ग्रामीण विजेवरचं बोलणं तोवर 'किती तास आली' इथेच थांबायचं. आली तेव्हा कशी आली, हा प्रश्न त्या नोंदींनी आकड्यांत मांडला.

मामांनी वही एका संध्याकाळी डीपीवरच्या भागीदारांपुढे ठेवली. तिघांकडे मोबाइल स्टार्टर होते. ते फोनवर तिन्ही फेजांचं व्होल्टेज सांगतात आणि वीज आल्यावर मोटार किती वेळाने उचलायची हेही ठरवता येतं. प्रत्येकाने दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवायचं ठरलं. अडलं ते टोकाच्या शेतकऱ्यापाशी. डीपीजवळचे आधी, तो सगळ्यात शेवटी, अशी पाळी लागली होती. "मी शेवटी लावली तर माझी उचलणारच नाही," तो म्हणाला. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. वीस टक्के व्होल्टेज गेलं की जवळपास 36 टक्के जोर गेला. सगळ्यांच्या मोटारी चालू असताना तारेच्या टोकाला उरतं ते याहून कमी. पाळी उलटी केली. टोकाचा पहिला, डीपीखालचे मामा शेवटचे. सुरुवातीचा 161 आता 178 च्या खाली सहसा जात नाही. दोघांचे ऑटो अजून तसेच आहेत.