चाकाच्या पोटातले छर्रे

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोॲब नावाचं छोटं गाव आहे. भोवताली लाल वालुकाश्माचे उघडेबोडके कातळ, आणि त्या कातळांवर जीप चढवायला लांबलांबून येणारी माणसं. १९६७ साली इथे सुरू झालेली ईस्टर जीप सफारी म्हणजे या छंदाची पंढरीच. कातळावर गाडी माणसाच्या चालीनं सरकते. टायरमधली हवा बारा-पंधरा पीएसआयपर्यंत उतरवलेली असते, म्हणजे रबर पसरतं आणि दगड धरून ठेवतं. पण यातल्या कितीतरी गाड्या सॉल्ट लेक सिटीहून, डेन्व्हरहून शेकडो किलोमीटरचा हायवे कापून स्वतःच्याच चाकांवर आलेल्या असतात. युटातल्या काही महामार्गांवर वेगमर्यादा ताशी ८० मैल, म्हणजे जवळपास १३० किलोमीटर आहे. दुपारी कातळावर रांगलेल्या चाकाला रात्री त्या वेगानं घरी जायचं असतं. मोठ्या टायरच्या बॅलन्सिंगची सगळी अडचण या दुहेरी आयुष्यातून आली आहे.

३७ इंची टायर घेऊ. रिमसकट तो ५० किलोच्या आसपास भरतो. नक्षीचे ठोकळे जाड, आत थरांवर थर, त्यामुळे रबर सगळीकडे सारखं बसत नाही. समजा, परिघावर एका जागी २०० ग्रॅम जास्तीचे आहेत. ताशी १०० किलोमीटरला हे चाक सेकंदाला नऊ-साडेनऊ फेरे घेतं आणि ते २०० ग्रॅम ॲक्सलला सुमारे ३२ किलोच्या जोरानं बाहेर खेचतात. वर, पुढे, खाली, मागे, सेकंदाला नऊ वेळा. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो.

दुकानातला उपाय आपल्याला माहीत आहे. मशीनवर चाक फिरवायचं, हलकी बाजू शोधायची, तिथे शिशाचं वजन ठोकायचं किंवा चिकटवायचं. पण वजन रबरावर लावता येत नाही, रिमवर लावावं लागतं. १७ इंची रिमची कड केंद्रापासून साडेएकवीस सेंटिमीटरवर असते, तर जास्तीचं रबर पंचेचाळीस सेंटिमीटरवर. म्हणून २०० ग्रॅम तोलायला ४०० ग्रॅमहून जास्त वजन लागतं. रिमच्या आत पट्ट्यांची रांगच लागते.

ती रांग टिकतही नाही. कमी हवेत टायर रिमवरून निसटू नये म्हणून हौशी लोक बीडलॉक रिम वापरतात. तिच्यात टायरची बाहेरची कड एका जाड कड्याखाली बोल्टांनी आवळलेली असते, त्यामुळे क्लिपचं वजन अडकवायला बाहेरच्या बाजूला ओठच उरत नाही. आतून चिकटवलेली वजनं दगड खरवडून काढतात. शिवाय रिमच्या आत चिखल वाळून बसला की तोच दोन-चारशे ग्रॅमचा होतो आणि मशीनवरची सगळी मेहनत वाया जाते. हायवेवर गाडी अचानक थरथरायला लागली, तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून रिम आतून धुवावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं माझं मत आहे. आणि ४० इंचांच्या वरचा टायर बऱ्याच दुकानांतल्या मशीनवर मावतच नाही.

म्हणून पर्यायी वाटा निघाल्या. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात साधी वाट बुडबुड्याची. चाक एका शंकूवर आडवं ठेवायचं, मधे गवंड्याच्या पाणसळीसारखा गोल बुडबुडा असतो. जड बाजू खाली झुकते, बुडबुडा हलक्या बाजूला सरकतो, तो मध्यावर येईपर्यंत वजन ठेवत जायचं. मोटर नाही, वीज नाही. चाक आडव्या दिशेनं डोलतंय का, हे यात कळत नाही आणि रुंद टायरमध्ये ही उणीव भासते. तरीही या पद्धतीची किंमत लोक कमी लावतात. जो टायर मशीनवर मावत नाही त्याचा मोठा दोष घरच्या अंगणात निघून जातो.

दुसरी वाट टायर रिमवर फिरवून बसवण्याची. बऱ्याच नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो हलक्या जागेची खूण. रिममध्ये व्हॉल्व्हची जागा सहसा जड असते, म्हणून ठिपका व्हॉल्व्हसमोर आणायचा. लाल ठिपका वेगळा. टायर जिथे सर्वात उंच किंवा कडक आहे तिथे तो असतो आणि तो रिमच्या सर्वात खोल जागेशी जुळवायचा. फुकटात होणारं हे काम आहे, आणि घाईत सगळ्यात आधी तेच राहून जातं.

तिसरी वाट म्हणजे टायरच्या पोटात सुटे छर्रे सोडणं. वाद सगळा इथेच आहे. सिरॅमिकचे किंवा काचेचे बारीक, गुळगुळीत मणी टायर बसवताना आत टाकतात, नाहीतर व्हॉल्व्हची पिन काढून बाटलीनं ओततात. ३७ इंची टायरला पाव किलोहून जास्त लागतात. अमेरिकेत काटकसरी लोक खेळण्यातल्या बंदुकीच्या सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या वापरतात. काही जुने ट्रकवाले गोल्फचे चेंडू टाकत. कोणी कूलंट ओततं, जे रिमला आतून गंज आणतं आणि पुढे टायर बदलणाऱ्याच्या अंगावर सांडतं. याच तत्त्वावर ट्रकसाठी ॲल्युमिनिअमची कडीही मिळतात. त्यांच्या पोकळीत द्रव आणि धातूचे गोळे असतात आणि ती हब व रिम यांच्या मधे बसतात. टायर बदलला तरी कडं तेच राहतं.

सुटी वस्तू चाक तोलेल कशी? ती तर जड बाजूलाच जाऊन बसायला हवी. शंका रास्त आहे आणि दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठे अभियंतेही इथे अडखळले होते. १८६९ साली रँकिननं मांडलं की, फिरत्या दांड्याला एक घातक वेग असतो आणि त्यापलीकडे दांडा सुरळीत फिरणं शक्य नाही. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालनं पुढे वाफेच्या टर्बाइनसाठी मुद्दाम बारीक, लवचीक दांडा घेतला, तो त्या घातक वेगाच्या पार नेला, आणि पलीकडे दांडा शांत झाला. याचा नीट गणिती उलगडा जेफकॉटनं १९१९ मध्ये केला. घातक वेगाच्या पलीकडे फिरती वस्तू आपल्या भौमितिक केंद्राभोवती फिरायचं सोडून वजनाच्या केंद्राभोवती फिरू लागते. म्हणजे फिरण्याचा खरा आस जड बाजूकडे सरकतो. मग त्या आसापासून सर्वात लांब कोण? हलकी बाजू. आणि सुटा छर्रा नेहमी लांबात लांब जागी पळतो. तो आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतो, चाक तोललं जातं, आणि जायला आणखी लांबची जागा न उरल्यानं तिथेच थांबतो. मला हे यंत्रशास्त्रातलं एक अतिशय सुंदर सत्य वाटतं. अमेरिकी अभियंता थर्ल यानं विसाव्या शतकाच्या मध्यात अशा गोळ्यांच्या बॅलन्सरवर सविस्तर लिहिलं. आज आपल्या घरातल्या टॉप-लोड वॉशिंग मशीनच्या टबावर वरच्या बाजूला प्लॅस्टिकचं बंद कडं असतं आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळतं. पिळण्याच्या वेळी तेही हेच काम करतं.

पण सगळी गोम ‘घातक वेगाच्या पलीकडे’ या शब्दांत आहे. अलीकडे उलटं घडतं, छर्रे जड बाजूला जातात आणि हादरा वाढवतात. मोठ्या चाकाच्या गाडीत हा वेग किती? टायरची लवचीकता आणि ॲक्सलच्या टोकाचं वजन धरून ढोबळ हिशेब केला तर चाक सेकंदाला सात-आठ वेळा वरखाली उसळण्याच्या आसपास अनुस्पंदन येतं. ३७ इंची चाक इतके फेरे घेतं ताशी ७५ ते ८५ किलोमीटरला. गाडीगणिक आकडा बदलेल, पण तो हायवेच्या वेगाच्या अधेमधेच कुठेतरी पडणार. म्हणून एक जण शपथेवर सांगतो की छर्रे टाकल्यापासून गाडी लोण्यासारखी चालते, दुसरा तितक्याच खात्रीनं म्हणतो की पैसे पाण्यात गेले. एक १०० च्या वर चालवतो, दुसरा ६५ ला. दोघंही खरं बोलत असतात.

आणखी काही गोष्टी हिशेबातूनच निघतात. ताशी आठ किलोमीटरच्या खाली छर्रे टायरच्या तळाशी नुसते घरंगळतात. त्यांचा खुळखुळाट ऐकू येतो, तो बिघाड नव्हे. त्याहून जास्त वेगाला ते रबराला चिकटून फिरू लागतात. ताशी १०० ला प्रत्येक मणी आपल्या वजनाच्या दीडशेपट जोरानं आतल्या थरावर दाबला जातो, आणि जागा बदलायची तर त्याला त्या दाबाखाली सरकावं लागतं. म्हणून तो गोल, कडक आणि कोरडा हवा. कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी आत गेलं किंवा पंक्चरचं जेल टाकलं की मण्यांचा गठ्ठा होतो आणि तोच गठ्ठा नवा दोष बनतो. व्हॉल्व्हला जाळीची पिन बसवली नाही तर हवा सोडताना मणी पिनेत अडकतो आणि टायर हळूहळू बसतो. कातळावर रोज हवा कमीजास्त करणाऱ्याला हे परवडणारं नाही. प्लॅस्टिकच्या गोळ्या झिजून भुकटी होतात, लोखंडी छर्रे गंजतात.

छर्रे काय करू शकत नाहीत, हेही सांगायला हवं. टायर मुळात गोल नसेल तर कोणतंही वजन त्याला गोल करत नाही. जुन्या धर्तीच्या आडव्या-तिरप्या थरांचा, म्हणजे बायस-प्लाय टायर रात्रभर उभा राहिला की खाली चपटा होतो आणि काही किलोमीटर तापल्यावरच सुधारतो. हंटर कंपनीनं १९९० च्या दशकात रोड फोर्स मशीन आणलं ते याच कारणानं. त्यात एक रोलर फिरत्या टायरवर दाबला जातो आणि रस्त्यावरच्या भाराखाली टायर कुठे कडक आहे ते कळतं.

आणि सलग पुढच्या ॲक्सलच्या जीपमध्ये कधी कधी खड्डा लागताच स्टिअरिंग हातात मावेनासं जोरात हेलकावू लागतं. अमेरिकेत त्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. हे होत असताना चाकात छर्रे ओतणं मला धोक्याचं वाटतं. असंतुलित चाक हेलकाव्याला सुरुवात करून देतं, पण तो वाढतो तो ढिल्या ट्रॅक बारमुळे, झिजलेल्या बॉल जॉइंटमुळे, बिघडलेल्या कॅस्टर कोनामुळे. आधी गाडी जॅकवर घेऊन हे सांधे हातानं हलवून पाहावेत.

आपल्याकडे नाशिकच्या कारखान्यात बनणारी थार सुमारे ३१ इंची टायरवर येते, आणि इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड शाळाही आहे. ३१ इंची ट्यूबलेस टायर कोणत्याही बऱ्या दुकानातल्या मशीनवर सहज बसतो. तिथे साधी वजनं लावावीत, छर्ऱ्यांची गरज नाही. टायर फार मोठे केले तर प्रश्न फक्त बॅलन्सिंगचा राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. आपले शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते वेगळ्या कामासाठी, चाक घसरू नये म्हणून वजन वाढवायला. त्या चाकाला घातक वेग गाठायचाच नसतो.

३७ इंची बीडलॉक चाक असेल तर मी हा क्रम धरेन. आधी रिम धुऊन चाक फिरवावं आणि ते गोल आहे का, ते एका जागी धरलेल्या खडूनं तपासावं. मग ठिपके जुळवावेत. मग बुडबुड्यावर मोठा दोष काढून रिमच्या आत मध्यावर, जिथे दगड पोचत नाही तिथे, वजनं लावून त्यावर टेपचा पट्टा ओढावा. एवढं करून ९० च्या वर थरथर उरलीच, तर कोरड्या हवेसोबत मणी. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर बीडलॉकचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासावेत, कारण कडं बसत जाताना ते थोडे सैल होतात.