शियाओगांग येथील अठरा शेतकऱ्यांचा करारनामा

चीन देशांत इ. स. १९७८ नंतर जें आर्थिक परिवर्तन घडून आलें, त्याच्या आरंभाचा पुरावा म्हणून एक लहानसा करारनामा बीजिंग येथील राष्ट्रीय संग्रहालयांत ठेविलेला आहे. सरकारी ठरावांचे ढीग उपलब्ध असतां एका दरिद्री खेड्यांतील कुणब्यांच्या कागदास हा मान मिळाला, ही गोष्ट कागदपत्रांच्या संग्राहकांस विचार करण्याजोगी वाटेल. सबब त्या कागदाचा परिचय येथें करून देतों.

शियाओगांग हें गांव आन्हुई प्रांतांतील फंगयांग जिल्ह्यांत आहे. मिंग घराण्याचा संस्थापक चू युआनचांग हा ह्याच मुलखांतला. तथापि फंगयांगची ख्याति त्या बादशहाइतकीच ढोलकें वाजवीत भीक मागणाऱ्या तेथील लोकांमुळेंही झालेली आहे. १९५८ सालीं कम्यून स्थापन होऊन जमीन सामाईक झाली, व पाठोपाठ आलेल्या दुष्काळांत ह्या प्रांताची अतिशय हानि झाली. कामाचे गुण मांडून धान्य वांटीत. त्यामुळें जो राबे आणि जो बांधावर बसे, त्या दोघांच्या पदरीं पडे तें जवळजवळ सारखेंच.

१९७८ च्या हिंवाळ्यांत गांवचे अठरा शेतकरी यान लिहुआ याच्या घरीं गुप्तपणें जमले. यान होंगचांग यानें लिहिलेल्या कागदाचा आशय असा: जमीन घरोघर वांटून घ्यावी, प्रत्येक घरानें सरकारचें धान्य व सालाबादचें देणें पुरें करावें, पुन्हां सरकारकडे हात पसरूं नये, बेत फसून पुढाऱ्यांस तुरुंग किंवा मृत्युदंड आला, तर त्यांचीं मुलें अठरा वर्षांचीं होईपर्यंत इतरांनीं पोसावीं. खालीं नांवें, कांहीं शिक्के व बोटांचे तांबडे ठसे आहेत. आपल्याकडील महजरांवर कुणब्याची निशाणी म्हणून नांगर काढीत, तशीच ही तऱ्हा. लेखांत अक्षरांच्या चुकाही आहेत.

ह्या कागदाविषयीं दोन शंका आहेत. गांवकरी बैठकीची तारीख २४ नोव्हेंबर सांगतात, परंतु कागदावर डिसेंबर महिना घातलेला आहे. शिवाय संग्रहालयांतील प्रत मूळची कीं मागाहून लिहिलेली, याविषयीं चीनमध्यें वाद झालेला आहे. आमच्या मतें प्रत मागची ठरली, तरी मुलांच्या पोषणाचें कलम बनावट वाटत नाहीं. यशाची खात्री झाल्यावर लिहिणारा मनुष्य शिरच्छेदाची तरतूद कशाला करील?

मात्र ह्या कागदास 'पहिला' म्हणणें बरोबर नाहीं. १९५६ सालींच च-च्यांग प्रांतांतील योंगच्या येथें असा प्रयोग होऊन तो दडपला गेला होता, आणि आन्हुईमधील फैशी तालुक्यांतही १९७८ च्या शरदांत वांटणी सुरू झाली होती. विशेष हें कीं, ज्या डिसेंबरमधील मध्यवर्ती समितीच्या बैठकीस सुधारणेचें मूळ मानतात, तिच्या शेतीविषयक मसुद्यांत घरोघर मक्ता देण्यास उघड मनाई होती. प्रांताधिकारी वान ली यानें काणाडोळा केला म्हणून प्रयोग तगला. मे १९८० मध्यें देंग श्याओफिंग यानें फैशी व फंगयांग यांची नांवें घेऊन पाठिंबा दिला. जानेवारी १९८२ च्या पहिल्या क्रमांकाच्या फर्मानानें ही पद्धति समाजवादी म्हणून मान्य झाली.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. शेतकरी मिरासदार झाला नाहीं. मालकी सामूहिकच राहून त्यास मुदतीची वहिवाट मिळाली. १९८४ सालीं ती मुदत पंधरा वर्षांहून अधिक, व १९९३ सालीं आणखी तीस वर्षें ठरविण्यांत आली. देशाचें धान्योत्पादन १९७८ मधील सुमारें ३० कोटि टनांवरून १९८४ मध्यें सुमारें ४१ कोटि टनांवर गेलें. ह्याचें सगळें श्रेय वांटणीस देणारे लेखक १९७९ मधील खरेदीच्या भाववाढीस विसरतात: सरकारनें धान्याचा दर २० टक्क्यांनीं, व ठरीव मापापुढील धान्याचा त्याहूनही अधिक वाढविला होता.

करारांत जें सरकारी धान्य नियमित भरण्याची हमी आहे, तो शेतसारा १ जानेवारी २००६ पासून चीनमध्यें सर्वत्र रद्द झाला.