निवृत्तांची दिनचर्या आणि नातवंडांची परीक्षा

‘पेन्शनीत निघालेल्या माणसाला दिवसभर काम ते काय असते?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात नेहमी येतो. शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा ह्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे असे आम्हा उभयतांना वाटले. निवृत्त म्हणजे रिकामा नव्हे. आणि निवृत्तांचा दिनक्रम व घरातील मुलांचा अभ्यास ह्यांचे नाते वरवर दिसते त्याहून पुष्कळ जवळचे आहे, हे ह्या लेखात दाखवावयाचे आहे.

आमच्यापैकी एकाने टपालखात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली. दुसरीने तेवढीच वर्षे संसारखाते सांभाळले. पहिल्या खात्यातून साठाव्या वर्षी नियमाप्रमाणे सुटका झाली. दुसऱ्या खात्यात निवृत्तीचा नियमही नाही आणि निवृत्तिवेतनही नाही! म्हणून पहिल्या खात्याचे वेतन आमच्या घरी दोघांचे मानले जाते.

हे निवृत्तिवेतन म्हणजे सरकारने केलेला दानधर्म असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याच्या निकालात स्पष्ट केले, की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिशी नसून पूर्वी केलेल्या सेवेचे ते फळ आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी आपला दिवस म्हणून पाळतात. केंद्र सरकारच्या नोकराला निवृत्त होताना ह्या वेतनाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली म्हणजे मूळ वेतनात वीस टक्के भर पडते. मात्र दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास वेतन थांबते. २०१४ सालापासून हा दाखला अंगठ्याच्या ठशावरून यंत्राद्वारेही देता येतो. कष्टाची बोटे झिजली म्हणजे ठसा उमटत नाही, हा अनुभव मात्र पुष्कळ वृद्धांना येतो.

आता दिनक्रमाकडे वळू. आम्ही बडोद्यास राहतो. पहाटे पाचला उठून सहाच्या सुमारास कमाटीबागेत फिरावयास जातो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग लोकांसाठी करविली. तेथे फिरताना एका बाकावर मराठी आणि दुसऱ्यावर गुजराती गप्पा ऐकू येतात, आणि आम्ही दोन्हींत सारख्याच सहजतेने भाग घेतो. परतताना दूध व भाजी आणावयाची, मग स्नान, देवपूजा, वर्तमानपत्र. दुपारी थोडी विश्रांती. आठवड्यातून एकदा मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात फेरी होते. अमेरिकेतील ग्रंथपाल बोर्डन ह्यांना बोलावून महाराजांनी १९१० साली त्याची उभारणी केली. तेथील मराठी पुस्तके हा आमच्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीय कुटुंबांचा मोठाच आधार आहे.

संध्याकाळी सातला दिवा लागला, शुभंकरोती झाली, की घरातील दूरचित्रवाणी बंद होते. आमची नात व नातू अभ्यासास बसतात आणि आम्हीही समोर पुस्तक घेऊन बसतो. आज मुले जे शास्त्र शिकतात, त्यातले पुष्कळसे आमच्या काळी पाठ्यपुस्तकांत नव्हते. त्यामुळे आम्ही त्यांना तो विषय शिकवू शकत नाही. परंतु ऐकून घेणे आम्हास उत्तम साधते. ‘आज काय शिकलीस ते पुस्तक मिटून सांग’ असे आजी नातीला रोज सांगते. सांगताना जेथे अडखळावयास होते, तेथेच अभ्यास कच्चा असतो. तोच धडा तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा विचारला जातो.

ह्या जुन्या रीतीला शास्त्राचा पाठिंबा आहे. एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरणाचे प्रयोग केले आणि १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकलेले प्रथम फार झपाट्याने विसरते व पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. आणि एका बैठकीत पुष्कळ घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यास आढळले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी रोज म्हणवून घेणाऱ्या जुन्या पंतोजींना एबिंगहाउसचे नाव ठाऊक नव्हते. पण उजळणीचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. झोपेचेही तसेच आहे. झोपेत स्मरण पक्के होते असे अलीकडच्या संशोधनातूनही दिसून आले आहे. म्हणून परीक्षेच्या दिवसांतसुद्धा आमच्या घरी रात्री दहानंतर दिवा जळत नाही.

गेल्या वर्षी आमची नात दहावीच्या परीक्षेत विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाली. गुणपत्रिकेवर गुणांच्या बरोबर ‘पर्सेंटाईल’ म्हणून आणखी एक आकडा होता. तो पाहून शेजारची मंडळी ‘एवढे टक्के!’ म्हणून अभिनंदन करू लागली. येथे खुलासा करणे इष्ट. टक्के म्हणजे शंभरांपैकी मिळालेले गुण. पर्सेंटाईल म्हणजे शंभर परीक्षार्थींत आपण कितव्या पायरीवर आहोत हे दाखविणारा आकडा. नव्वद पर्सेंटाईल म्हणजे शंभरांतील सुमारे नव्वद जण आपल्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. प्रश्नपत्रिका अवघड असेल तर सत्तर टक्क्यांतही नव्वद पर्सेंटाईल मिळू शकते. एक आकडा कामाचा, दुसरा रांगेतील जागेचा. दोहोंची गल्लत करू नये.

नातीच्या यशाचे पेढे आम्ही आळीभर वाटले. त्याच वर्षी नातू बारावीस एका विषयात अनुत्तीर्ण झाला होता. निकालानंतर दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तो आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसला. आजीने काही न विचारता पहिला धडा काढला. पुरवणी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला, तेव्हाही तेवढेच पेढे, त्याच घरांत वाटले गेले. ‘आजोबा, एवढ्यासाठी पेढे?’ असे तो संकोचून म्हणाला. आमचे उत्तर असे, की पेढे आकड्याचे नसतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर येऊन बसलास, त्याचे आहेत.

आमच्या अभिमानाचे मूळ ह्याहूनही मागे आहे. सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली दत्तक येऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले, तेव्हा बारा वर्षांच्या ह्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे त्याच राजाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. मुलांबरोबर मुलींनाही शाळा खुली झाली. त्या शाळांतून शिकलेल्या पणज्यांनी आपल्या मुलींना अक्षरे गिरवावयास लाविली, आणि तो धागा आज आमच्या नातीपर्यंत येऊन पोचला आहे. तिची गुणपत्रिका हातात घेताना आम्हास तिच्यामागच्या ह्या साऱ्या स्त्रिया दिसतात.

विद्यार्थी मित्रहो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना तुमच्या पुस्तकातले सारे येईलच असे नाही. पण रोज त्याच वेळी, त्याच जागी, तुमचे म्हणणे शांतपणे ऐकणारे माणूस मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पुस्तक मिटून त्यांना आजचा धडा सांगून पाहा. तुमची उजळणी होईल, आणि त्यांचा दिवसही सार्थकी लागेल.