बिनतिकिटाचें टपाल आणि त्याचा जमाखर्च

पूर्वीं परगांवीं पत्र धाडावयाचें म्हणजे त्याचें मोल पाठविणाराच्या डोळ्यांसमोर असे. सन १८५४ मध्यें हिंदुस्थानांत सर्वत्र एकच टपालदर सुरू झाला. हलकें पत्र देशाच्या कोणत्याही कोपऱ्यास जावयाचें असो, त्यास अर्ध्या आण्याचें तिकीट पुरें होऊं लागलें. तिकीट चिकटविलें कीं टपालखात्याचा व आपला हिशेब मिटला. आज पुण्याच्या आजीबाई अमेरिकेंतील नातवास आशीर्वाद पाठवितात, मुंजीचीं छायाचित्रें क्षणार्धांत सातासमुद्रांपलीकडे जातात, आणि या टपालास तिकीट म्हणून कांहींच लागत नाहीं! फोनकंपनीस आपण जे पैसे देतों ते रस्त्याचे. निरोप वाहून नेणारी कंपनी आपणांपासून दमडीही घेत नाहीं. तर मग तिचा संसार चालतो कसा? घरोघरीं पोंचलेल्या व्हॉट्सॲपचें उदाहरण घेऊन या प्रश्नाचा उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निरोप जातो कसा तें पाहूं. आपण लिहिलेला मजकूर फोन स्वतःच गूढलिपींत कुलूपबंद करतो. मग त्याचे लहान लहान तुकडे होऊन ते कांचेच्या केसासारख्या तंतूंतून, प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपानें, प्रसंगीं समुद्राच्या तळावरून, कंपनीच्या संगणकांकडे जातात. पलीकडचा फोन बंद असेल तर निरोप तेथें ३० दिवसांपर्यंत वाट पाहतो. पोंचता झाला कीं तेथून पुसला जातो. कुलुपाची किल्ली दोन्ही टोकांच्या फोनांतच असते. ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्यें पुरी झाली. त्यामुळें आजीबाईंनीं नातवास काय लिहिलें तें कंपनीस वाचतां येत नाहीं. परंतु लखोटा बंद असला तरी त्याची पाठ पोस्टमनास दिसतेच. आपला नंबर, फोनची जात, आपण कोणत्या सुमारास व किती वेळां येतों, साधारण कोणत्या भागांतून येतों, आणि परवानगी दिली असल्यास आपल्या फोनमधील नंबरांची वही, एवढी माहिती कंपनीच्या हातीं पडते.

ही कंपनी सन २००९ मध्यें जॅन कूम व ब्रायन ॲक्टन या दोन गृहस्थांनीं कॅलिफोर्नियांत काढली. दोघेही पूर्वीं याहू कंपनींत नोकरीस होते आणि जाहिरातींचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. पहिलें वर्ष फुकट व पुढें दरसाल एक डॉलर वर्गणी, असा सरळ व्यवहार त्यांनीं ठरविला होता. फेब्रुवारी २०१४ मध्यें फेसबुकनें ही कंपनी सुमारें १,९०० कोटी डॉलरांस विकत घेण्याचा करार केला. त्या वेळीं तिचे नोकर सारे ५५, आणि दरमहा उपयोग करणारे लोक ४५ कोटी! वाचकांनीं भागाकार करून पाहावा. माणशीं सुमारें ४२ डॉलर पडतात. दरसाल एक डॉलरप्रमाणें एवढी रक्कम फिटावयास बेचाळीस वर्षें हवींत. आणि जानेवारी २०१६ मध्यें तर वर्गणीही माफ झाली. वर्गणीवर डोळा ठेवून कोणीही शहाणा व्यापारी असा सौदा करणार नाहीं, हें उघड आहे. त्याचा डोळा जमलेल्या माणसांवर होता.

जत्रेस जाणारास देवळाच्या वाटेवरून चालण्याचे पैसे कोणी मागत नाहीं. परंतु गर्दी जमते म्हणून वाटेच्या दुतर्फा दुकान मांडणारा जागेचें भाडें आनंदानें देतो. व्हॉट्सॲपच्या वाटेवरील भाडीं मुख्यतः तीन प्रकारचीं आहेत. पहिलें, मोठमोठ्या पेढ्या व दुकानें आपणांस जे निरोप धाडतात त्यांचें. जुलै २०२५ पासून हें शुल्क पोंचलेल्या निरोपागणिक आकारलें जातें. ‘सवलतीची विक्री सुरू झाली’ या निरोपास दर अधिक, ‘आपला माल निघाला’ या निरोपास कमी. आणि गिऱ्हाइकानें स्वतः प्रश्न विचारला तर चोवीस तासांच्या आंत दिलेल्या साध्या उत्तरास कांहींच नाहीं. दुसरें भाडें फेसबुक व इन्स्टाग्राम यांवरील त्या जाहिरातींचें, ज्यांवर बोट ठेवतांच व्हॉट्सॲपमध्यें दुकानदाराशीं संभाषण उघडतें. तिसरें अगदीं अलीकडचें. संस्थापकांस ज्यांचा तिटकारा, त्या जाहिराती व्हॉट्सॲपच्या ‘अपडेट्स’ या दालनांत दाखविण्याचें कंपनीनें जून २०२५ मध्यें जाहीर केलें. तोंपर्यंत संस्थापक दोघेही निघून गेले होते. ॲक्टन २०१७ मध्यें, कूम २०१८ मध्यें.

जाहिरातीची जागा विकली जाते तो प्रकारही मनोरंजक आहे. सांगलीचा एखादा लोणचेंवाला जाहिरात देतो तेव्हां त्यास वर्तमानपत्रासारखा ठरलेला रकाना मिळत नाहीं. आपण फेसबुक उघडतों त्या क्षणीं, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच, आपल्यापुढील त्या एका जागेचा लिलाव होतो. या लिलावांत बोलीची रक्कम तर पाहतातच, शिवाय हा मनुष्य या जाहिरातीकडे वळण्याचा संभव किती, याचाही अंदाज बांधतात. म्हणून ज्यास आपल्या आवडीनिवडी अधिक ठाऊक, त्याची जागा अधिक मोलाची. फेसबुकची मालक कंपनी आतां मेटा या नांवानें ओळखली जाते. सन २०२४ मध्यें तिचें एकंदर उत्पन्न सुमारें १६,४५० कोटी डॉलर झालें. त्यांत शंभरांतील सत्त्याण्णवांहून अधिक डॉलर जाहिरातींचे होते. बिनतिकिटाच्या टपालाचें तिकीट कोणत्या खिशांतून निघतें, याचें उत्तर या एका आंकड्यांत आहे. तें तिकीट दुकानदार भरतो. आणि दुकानदार तो खर्च मालाच्या किंमतींतच धरतो, हें घरखर्च लिहिणाऱ्या गृहिणीस आम्हीं सांगावयास नको.

एवढ्यावर भागलें असतें तर तक्रारीस जागा नव्हती. खरा प्रश्न संमतीचा आहे. व्हॉट्सॲपचे नंबर फेसबुकच्या खात्यांशीं आपोआप जोडतां येणार नाहींत, असें खरेदीच्या वेळीं युरोपीय आयोगास सांगण्यांत आलें होतें. ऑगस्ट २०१६ मध्यें तशा जोडणीचा मार्ग खुला झाला, आणि मे २०१७ मध्यें दिशाभूल केल्याबद्दल आयोगानें फेसबुकला ११ कोटी युरो दंड केला. आपल्याकडे २०२१ च्या नव्या अटी ‘मान्य करा, नाहीं तर सोडा’ अशा थाटांत पुढें आल्या. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें नोव्हेंबर २०२४ मध्यें मेटास २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यापूर्वींच, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता.

एकत्र कुटुंबास या प्रश्नाची एक बाजू विशेष लागू पडते. थोरल्या मुलानें ‘परवानगी आहे’ या शब्दांवर बोट टेकलें कीं काकांचा, आत्याबाईंचा, वैद्यांचा व मोलकरणीचाही नंबर त्या वहीबरोबर जातो. त्यांपैकीं कोणास कोणी विचारलेलें नसतें. घरची जमीन गहाण टाकावयाची तर सर्व भाऊ एकत्र बसतात. घरच्या ओळखीपाळखी मात्र एकाच्या बोटानें परस्वाधीन होतात! मुलीचें छायाचित्र नातलगांच्या गटांत टाकण्यापूर्वीं तिला विचारावें, परक्याचा नंबर त्याच्या संमतीवांचून पुढें देऊं नये, नकोशा दुकानदाराचे निरोप बंद करावे, व्हॉट्सॲपचें खातें फेसबुकशीं जोडणें ऐच्छिक आहे हें ध्यानांत ठेवावें. एवढे चार नियम कोणत्याही घरास जड नाहींत.

दुसरी वाट नाहीं असेंही नव्हे. कंपनी सोडल्यावर ॲक्टन यांनीं फेब्रुवारी २०१८ मध्यें ५ कोटी डॉलर देऊन सिग्नल नांवाच्या निरोपसेवेचें प्रतिष्ठान उभें केलें. तें देणग्यांवर चालतें व जाहिराती घेत नाहीं. वर्गणी, जाहिरात आणि देणगी या तीन वाटांपैकीं कोणती तरी एक धरल्यावांचून टपाल चालत नाहीं. दूरदेशींच्या मुलांचा आवाज रोज कानीं पडावा हें सुख लहान नव्हे, आणि तें टाकून द्या असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु दुधाचा व किराण्याचा हिशेब जे घर पैपर्यंत ठेवतें, त्यानें या फुकट टपालाचा जमाखर्चही एके दिवशीं सर्वांनीं मिळून मांडून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.