भीमेतल्या 'नकट्या'चे शास्त्रीय नाव

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिणेला श्रीगोंदे आणि कर्जत तालुक्यांच्या कडेने भीमा वाहते. कृष्णेच्या या खोऱ्यात, जगात अन्यत्र न आढळणारा 'नुक्ता' नावाचा मासा राहतो. देवनागरीत हे नाव असे लिहिले की अक्षराखालचा फारसी नुक्ता आठवतो. पण माशाचा त्याच्याशी काही संबंध दिसत नाही.

हे नाव जगापुढे आणले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. मुंबई सरकारने 1824 मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्या भटकंतीत पाहिलेल्या माशांचे वर्णन त्यांनी 1839 मध्ये प्रसिद्ध केले आणि अनेक जातींना मराठी मुलखातली नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुद्री, कोळशी, शिंगाळा ही त्यातलीच.

साइक्स ऱ्हस्व 'अ'साठी इंग्रजी 'यू' वापरीत. 'दख्खन'सुद्धा ते 'यू' घालूनच लिहीत. शिवाय इंग्रजीत 'त' आणि 'ट' यांना अक्षर एकच. हे ध्यानात घेऊन 'नुक्ता' पुन्हा मराठीत वाचला, तर 'नकटा' हाती लागतो. माशाचे तोंड पाहिले की शंका उरू नये. नाकाडावर आडवी खोल खाच आणि तिच्या वर पुढे आलेला उंचवटा, जणू कोणी नाक कापायला घेऊन अर्ध्यावर सोडले आहे. चोचीवर उंचवटा असलेल्या बदकालाही आपल्याकडे 'नकटा' म्हणतात, हा आणखी एक पुरावा.

गंमत अशी, की डच वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर यांनी सुमात्रातील अशाच एका माशासाठी 1855 मध्ये 'शिस्मॅटोऱ्हिंकस' ही प्रजाती स्थापली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'चिरलेल्या नाकाडाचा'. पुढे नुक्ताही त्याच प्रजातीत गेला. भीमाकाठच्या कोळ्यांना जे दिसले, तेच ब्लीकरांना दिसले होते. फरक इतकाच, की कोळ्यांचा शब्द कानावरून कागदावर जाताना बदलला.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा मासा 'धोक्यात' या वर्गात नोंदला गेला आहे. वाहत्या, खडकाळ पात्राची सवय असलेल्या या माशाला धरणांचे संथ पाणी, वाळूउपसा आणि शहरांचे सांडपाणी मानवणारे नाही. त्याची गणना करायला जाणाऱ्याने नदीकाठी 'नुक्ता दिसतो का?' असे न विचारता 'नकटा दिसतो का?' असे विचारावे.