घर बदलावे, चौक राहावा : बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजचा धडा

शहराची श्रीमंती इमारतींच्या उंचीवरून मोजण्याची सवय आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की, दोन इमारतींच्या मध्ये जी जागा मोकळी राहते तिची नोंद कोणत्याही दप्तरात फारशा आस्थेने होत नाही. आणि तरीही शेजाऱ्यांचे येणेजाणे, मुलांचे खेळ, सणासुदीचे मांडव, झाडाची सावली आणि पावसाच्या पाण्याचा निचरा, हे सारे त्या मोकळ्या जागेवरच अवलंबून असते. निसर्ग, शेजार आणि सार्वजनिक जीवन यांना एकत्र गुंफणारी वास्तुरचना कशी असावी, या प्रश्नाचे एक सविस्तर आणि विटामातीतले उत्तर नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी गेली चार दशके उभे आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळासाठी रचलेली ही वसाहत ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या नावाने ओळखली जाते.

या वसाहतीचे मर्म कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबई बेटाची दक्षिणोत्तर चिंचोळी लांबण आणि तिच्यावर वर्षानुवर्षे चढत जाणारा भार ध्यानी घेऊन, शहराने उत्तरेकडे आणखी ताणले जाण्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेस वळावे, असा प्रस्ताव कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंते शिरीष पटेल या तिघांनी मांडला आणि १९६५ साली ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकातून तो लोकांपुढे आला. राज्य शासनाने त्याचा स्वीकार केला, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या नगरासाठी मुक्रर करण्यात आली. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात कोरिया स्वतः सिडकोचे प्रमुख वास्तुविशारद होते.

ही भूमी ओसाड नव्हती. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती, मिठागरे, खाडीचे खारे पाणी अडवणारे बांध, गावातले तळे, देवळापुढचे पटांगण आणि घरापुढची पडवी, असा एक परिपूर्ण संसार येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. मोबदल्याच्या आणि हक्काच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी दीर्घ लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची तरतूद पुढे आली. बेलापुरात नव्या शेजाराची आखणी चालू होती त्याच वर्षांत जुन्या शेजाराने आपल्या अस्तित्वासाठी रक्त सांडले, ही गोष्ट या नगराचा इतिहास लिहिणाऱ्याने कधीही गाळू नये. नव्या वसाहतीने जुन्या गावठाणाकडून काही घेतले असेल तरच तिला या भूमीवर नैतिक अधिकार सांगता येईल.

आर्टिस्ट्स व्हिलेजने ते घेतले, असे माझे मत आहे. सुमारे साडेपाच हेक्टर जागेवर साधारण ५५० कुटुंबांसाठी आखलेल्या या वसाहतीचा मूळ घटक घर हा नसून चौक हा आहे. सात घरे आठ मीटर लांबरुंद अशा एका चौकाभोवती बसवलेली. अशा तीन पुंजांची मिळून एकवीस घरे, त्यांच्यामध्ये बारा मीटरचा चौक. आणि अशा तीन गटांच्या एकत्र येण्यातून सुमारे वीस मीटरचे त्याहून मोठे पटांगण. या क्रमाने खाजगी अंगणातून सात घरांच्या चौकात, तेथून एकवीस घरांच्या चौकात आणि अखेर साऱ्या वस्तीच्या मैदानात माणूस पायरीपायरीने उतरतो. उंबरठा ओलांडला की थेट अनोळखी रस्त्यावर, असा प्रसंग त्याच्यावर येत नाही. वसाहतीच्या मधोमध ओहोळ वाहतो आणि सामाईक मोकळी जागा त्याच्याच कडेने पसरलेली आहे. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला नळात कोंडून दृष्टीआड करण्याऐवजी त्यालाच वस्तीचा मध्य मानणे, हा या आराखड्यातील फार मोठा विवेक आहे.

आता एक घर जवळून पाहू. मूळ घरे एकमजली वा दुमजली, उतरत्या कौलारू छपरांची, स्थानिक गवंड्याला आणि सुताराला आपल्या नेहमीच्या हत्यारांनी बांधता येतील इतकी साधी होती. भूखंडांचे क्षेत्रफळ ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान ठेवलेले होते. म्हणजे घर लहानाचे असो वा मोठ्याचे, पायाखालच्या जमिनीत फार तफावत पडू नये, अशी समतेची दृष्टी त्यामागे होती. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. हा तपशील वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु भिंत आपली असली म्हणजे संसार वाढेल तशी एक खोली चढवायला किंवा छप्पर उचलायला शेजाऱ्याची संमती मागावी लागत नाही, आणि तंट्याचे एक कायमचे कारण मुळातच नाहीसे होते. शौचालये मात्र दोन घरांची मिळून जोडीने बांधली, कारण तेथे जोडणीने नळांचा आणि मलवाहिन्यांचा खर्च वाचतो. कोठे जोडावे आणि कोठे सुटे ठेवावे, याचा असा हिशेब गृहरचनेत क्वचितच आढळतो.

आकाशाखालची मोकळी जागा ही उष्ण प्रदेशात खोलीइतकीच उपयोगाची असते, हा कोरियांच्या विचाराचा गाभा होय. पावसाळ्याचे महिने वगळता कोकणपट्टीत निवडणे-टिपणे, वाळवणे, अभ्यास, गप्पा आणि उन्हाळ्यातली झोप ही सारी कामे अंगणात वा गच्चीत सुखाने होतात. तेव्हा गरिबाला सिमेंटची आणखी एक खोली देणे परवडत नसेल, तर त्याला आकाशाचा एक तुकडा तरी द्यावा, आणि त्या तुकड्याला वस्तीतल्या इतर तुकड्यांशी जोडावे. वाड्याचा चौक आणि गिरणगावातल्या चाळीचे सामाईक अंगण ज्यांनी अनुभवले आहे, त्या मराठी वाचकाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. सात घरांच्या चौकात कोण आले, कोण गेले, कोणाचे मूल पडले, तुळशीला पाणी कोणी घातले, हे सर्वांना कळते. म्हणून त्या चौकाची झाडलोटही कोणा मुकादमाची वाट पाहत नाही. शंभर सदनिकांच्या इमारतीचे आवार सर्वांचे असते आणि म्हणूनच पुष्कळदा कोणाचेच नसते.

या दिशेने विचार करणारे कोरिया एकटे नव्हते. वाढत्या घराची कल्पना त्यांनी स्वतः त्यापूर्वी पेरूची राजधानी लिमा येथील ‘प्रेव्ही’ या आंतरराष्ट्रीय गृहप्रकल्पात हाताळली होती. इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी जोते, पाणी आणि शौचालय देऊन उरलेले घर रहिवाशाच्या हाती सोपवले. आणि चिलीमधील इकिके येथे आलेहान्द्रो आरावेना यांच्या चमूने या शतकाच्या आरंभी अर्धे घर बांधून उरलेल्या अर्ध्याची जागा मोकळी ठेवली. दोशींना २०१८ साली आणि आरावेनांना २०१६ साली वास्तुकलेतील प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले.

बैठ्या घरांनी जमीन वाया जाते, हा आक्षेप येथे नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर देण्यास बेलापूरचे आकडेच पुरेसे आहेत : साडेपाच हेक्टरात ५५० घरे म्हणजे हेक्टरी सुमारे शंभर घरे, आणि त्यात चौक, वाटा व मोकळ्या जागा सर्व आल्या. मनोऱ्यात यापेक्षा अधिक घरे बसतात हे खरे. परंतु त्यांच्यासाठी शाळा, मैदाने, वाहनतळ आणि रस्ते यांना लागणारी जमीनही त्याच प्रमाणात वाढते, आणि उद्वाहन व पंप यांचा खर्च तर रहिवाशाच्या मानगुटीस जन्मभराचा बसतो. शिवाय नवी मुंबईचा पुष्कळ भाग सखल आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही म्हणून ते साठवून ओहोटीला सोडणारे धारण तलाव सिडकोने जागोजागी राखले आहेत. अशा नगरात जमिनीचा जो भाग फरसबंदीपासून वाचतो, तो शोभेचा नसून संरक्षणाचा असतो.

आज आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये हिंडणाऱ्याला मूळची कौलारू घरे थोडीच आढळतात. अनेकांनी जुने घर पाडून त्याजागी काँक्रीटचे दोन-तीन मजली बंगले उठवले, आणि ते पाहून पुष्कळ जण हा प्रयोग फसला असा निवाडा देतात. मला तो निवाडा मान्य नाही. घर बदलण्याची मुभा हीच या योजनेची प्रतिज्ञा होती. ती रहिवाशांनी वापरली यात योजनेचा पराभव नाही. खरे संकट चौकावरचे आहे. चौकात शिरलेली मोटार, पुढे सरकलेला जिना, आवळलेले कुंपण आणि भूखंड एकत्र करून मोठी इमारत उभारण्याचा मोह, यांपैकी प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ दिसते. परंतु आठ मीटरच्या चौकात दीड मीटर गेला की तो चौक राहत नाही, बोळ होतो. आणि एकदा गेलेला चौक कोणत्याही पुनर्विकासाने परत येत नाही.

म्हणून सिडको आणि नवी मुंबई महानगरपालिका यांना माझी विनंती आहे की, येथील घरांच्या दर्शनी रूपाबद्दल फार आग्रह न धरता चौकांची, ओहोळाची आणि त्यांच्या कडेच्या वाटांची काटेकोर मोजणी करावी, त्यांच्या हद्दी कायम कराव्यात, आणि त्यांवर बांधकामास सक्त मनाई असावी. नव्या गृहयोजना मंजूर करताना सदनिकांची संख्या जशी विचारली जाते, तसाच किती घरांमागे एक चौक हा प्रश्नही नियमाने विचारला जावा. आणि पुनर्विकासाच्या करारनाम्यावर सही करण्यास बसलेल्या प्रत्येक वाचकास सांगणे इतकेच की, वाढीव चटईक्षेत्राचा आकडा पाहण्यापूर्वी नकाशात जमिनीलगतची, उघड्या आकाशाखालची, झाड लावता येईल अशी सामाईक जागा किती उरते ते आधी पाहावे. आणि ती उरत नसेल, तर सही करू नये.